हजेरीपटाबाहेरची नोंद

कोणत्याही जुन्या शाळेच्या कपाटात तीन दप्तरे हमखास सापडतात. एक हजेरीपट, दुसरे शेरेबुक आणि तिसरे जनरल रजिस्टर. मूल आले की नाही हे हजेरीपट सांगतो, तपासणीस आलेले साहेब काय म्हणाले हे शेरेबुक सांगते, आणि कोण केव्हा दाखल झाले व कोणत्या कारणाने शाळा सोडून गेले हे जनरल रजिस्टरात लिहिलेले असते. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढावयाची झाली की संपादक मंडळी याच दप्तरांवर विसंबतात. परंतु जूनपासून एप्रिलपर्यंत त्या वर्गासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनाचे काय झाले, याची नोंद या तिन्हींपैकी एकातही नसते.

वाचकहो, या लेखात आम्ही त्या न लिहिलेल्या नोंदीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न करणार आहोत. प्रदेश आपलाच आहे: ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा विशाल ठाणे जिल्हा. ठाण्यापासून वसईपर्यंत आपल्या समाजात शिक्षकी पेशा पत्करलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या मोठी आहे. धर्मग्रामात घरोघर फिरताना आम्हांला जवळजवळ प्रत्येक आळीत एखादी बाई वा एखादे सर भेटतात. ते पगाराविषयी बोलतात, बदलीविषयी बोलतात. मनाविषयी मात्र क्वचितच बोलतात. म्हणून हा विषय इतिहासाच्या वाटेने मांडावा असे आम्हांला वाटले.

पंतोजींची शाळा आणि सरकारी वर्ष

'शालेय वर्ष' ही आज आपल्याला निसर्गाच्या ऋतूइतकी स्वाभाविक वाटणारी गोष्ट फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गावोगाव पंतोजींच्या शाळा असत. कोणाच्या पडवीत किंवा देवळाच्या ओसरीवर मुले जमत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, पाढे व उजळणी घोकावी, मोडी वाचावयास शिकावे आणि घरच्या धंद्यापुरता हिशेब आला की शाळा सोडावी, असा क्रम असे. मूल बहुधा दसऱ्यासारख्या मुहूर्तावर येई आणि ज्याच्या त्याच्या गतीने पुढे सरके. पंतोजींना शिधा मिळे, सणावारी थोडे धान्य वा वस्त्र मिळे. त्या शाळेतील शिक्षा क्रूर होत्या आणि त्या शाळेचे दार सर्वांना उघडे नव्हते. तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे इयत्ता नव्हती, वार्षिक परीक्षा नव्हती, म्हणून सगळा वर्ग एकाच दिवशी उठून निघून जाणे हा प्रसंगही नव्हता.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, १८५५ मध्ये, मुंबई इलाख्यात सरकारचे शिक्षण खाते सुरू झाले. इयत्ता आल्या, क्रमिक पुस्तके आली, वर्षाकाठी तपासणी आली. याच सुमारास, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोचली. रेल्वेचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक ही दोन्ही आपल्या प्रदेशात जवळजवळ एकदमच अवतरली, असे म्हणावयास हरकत नाही. तेव्हापासून शिक्षकाच्या आयुष्याला एक नवी लय मिळाली. पावसाच्या तोंडावर चाळीस अनोळखी चेहरे समोर यावेत, दिवाळीपर्यंत त्यांची ओळख व्हावी, माघ-फाल्गुनात ते आपलेसे व्हावेत आणि चैत्र-वैशाखात निघून जावेत. शेतकऱ्यालाही दरवर्षी पेरणी व कापणी असते. परंतु शेतकऱ्याचे पीक त्याच्याच घरी येते.

निकालाप्रमाणे अनुदान

या नव्या वर्षाबरोबर एक नवे भयही आले. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांसाठी एक संहिता आणली. मुलांनी तपासनीसासमोर वाचन, लेखन व गणित यांत जे यश मिळवावे, त्या प्रमाणात शाळेला पैसे मिळावेत, असे तिचे तत्त्व होते. सुप्रसिद्ध कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते आणि त्यांनी या पद्धतीला कसून विरोध केला. तरीही काही वर्षांतच सर अलेक्झांडर ग्रँट हे शिक्षण संचालक असताना मुंबई इलाख्यातील अनुदानित खासगी शाळांना हीच 'निकालाप्रमाणे अनुदान' देण्याची पद्धत लागू झाली. मिशनांच्या शाळाही याच वर्गात मोडत.

याचा शिक्षकाच्या मनावर काय परिणाम झाला असेल, हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. वर्षभराचे काम एका सकाळी मोजले जाणार. ज्या दिवशी डेप्युटीसाहेब येतील त्या दिवशी हुशार मुलाला ताप येऊ नये, मंद मुलगा गैरहजर राहिला तर बरे, आणि घाबरट मुलाची पाळीच न यावी, असे विचार भल्या माणसाच्याही मनात येणार. ज्या मुलाला शिक्षकाची सर्वांत अधिक गरज, तेच मूल त्याला आपल्या पोटावर आलेले संकट वाटू लागणार. जुन्या पिढीतील मास्तरांच्या छडीची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. ती छडी धरणारा हात पुष्कळदा भ्यालेल्या माणसाचा होता, हे त्या वर्णनांत येत नाही. भीती वरून खाली उतरत जाते; साहेबाची मास्तराला आणि मास्तराची मुलाला. मार खाणाऱ्या मुलाचे दुःख याने तिळभरही कमी होत नाही, परंतु त्याचे मूळ कोठे होते हे समजते.

१८८२ या एका वर्षात दोन कागद तयार झाले. एक ठाणे जिल्ह्याचे सरकारी गॅझेटियर. त्यात जिल्ह्यातील शाळा, मुलांचा पट, खर्च यांचे आकडे नीटनेटके मांडलेले आहेत. दुसरा कागद म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला सादर केलेले निवेदन. जोतीराव स्वतः शाळा चालविलेले गृहस्थ. त्यांनी त्यात सांगितले की ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्या गरीब समाजाला निकालावर आधारलेली ही पद्धत मुळीच उपयोगी नाही. त्यावर पोट भरता येणार नसल्याने कोणीही शिक्षक अशा लोकांत शाळा काढावयास धजणार नाही. शिक्षकाला निदान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये वेतन मिळावे, अशीही त्यांची मागणी होती. गॅझेटियरने शाळा मोजल्या; जोतीरावांनी शाळेत उभ्या राहिलेल्या माणसाचा विचार केला. आम्हांला हे निवेदन म्हणूनच आपल्या विषयाचा पहिला दस्तऐवज वाटतो.

जोतीरावांना हे सुचण्यास कारणही घरातच होते. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाल्यानंतर सावित्रीबाईंवर वाटेत शेण-चिखल फेकला जाई आणि त्यासाठी त्या दुसरे लुगडे जवळ बाळगीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. आपण हा प्रसंग धैर्याचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्या लुगडे बदलून लगेच मुलींसमोर उभ्या राहत असत, या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे आपले लक्ष जात नाही. अपमान बाहेर ठेवून प्रसन्न मुद्रेने वर्गात जाणे हे शिक्षकाच्या कामातील सर्वांत अवघड काम आहे आणि त्याला कोणत्याही वेतनश्रेणीत रकाना नाही.

निकालाप्रमाणे अनुदानाची पद्धत १९०४ च्या भारत सरकारच्या शैक्षणिक ठरावाने मागे पडली. तिची भीती मात्र शाळेच्या भिंतींत मुरलेली राहिली.

कोसबाडचे रिकामे वर्ग

आपल्या जिल्ह्यात या भीतीला खरे उत्तर मिळाले ते डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले; १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक एका शिक्षकाच्या एका शालेय वर्षाचीच कथा आहे, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. ज्यांच्या विचारांतून या चळवळीला प्रेरणा मिळाली त्या मारिया माँटेसरी बाई जन्माने इटालियन कॅथोलिक. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढली.

शहरातील बालमंदिरे चांगली चालली होती. तरीही १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला आल्या. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य, असे प्राक्तन वाट्याला आलेल्या या बाईंनी पुढे शिक्षण घेऊन पुण्यात शिक्षिकेची नोकरी केली होती. पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई १९९२ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत ते करीत राहिल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन पुष्कळांनी वाचले असेल.

तेथे या दोघींना जे भेटले ते पुस्तकात नव्हते. वारल्यांची मुले शाळेत येतच नसत. याच वर्षांत गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता, हे लक्षात घेतले म्हणजे परिस्थितीची कल्पना येईल. थोरला भाऊ गुरे राखी, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरे. पाऊस संपला की गवत कापणीचा हंगाम येई आणि पाड्यावरची घरेच्या घरे कामाला निघून जात. हजेरीपटावर नाव आहे, वर्गात मूल नाही. जो शिक्षक निकालाने मोजला जातो तो अशा वेळी मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष देतो; फार तर निराश होऊन बदलीचा अर्ज करतो. आणि ती निराशा समजण्याजोगी आहे. जूनमध्ये नाव घालून घेतलेले मूल कार्तिकात नाहीसे होते, त्याला कोठे शोधावे हे कळत नाही, आणि फाल्गुनात ते परत येते तेव्हा अक्षरे विसरलेले असते. हे दुःख दरवर्षीचे आहे.

ताराबाई आणि अनुताई यांनी मात्र या रिकाम्या वर्गाचा निराळा अर्थ लावला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली आणि तिची 'अंगणवाडी' झाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, गाणी म्हणणे येथून तिचा आरंभ होई. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा गेली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला परत न पाठविता त्या भावंडासाठी पाळणाघराची सोय झाली. परदेशी बनावटीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि खडे वापरात आले. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

हा सगळा इतिहास शिक्षणशास्त्राचा म्हणून सांगितला जातो. आम्हांला त्यात मनाचा इतिहासही दिसतो. गैरहजेरीमुळे शिक्षकाला जे दुःख होते, ते चौकशीचे साधन म्हणून त्यांनी वापरले. 'मूल का आले नाही?' हा प्रश्न रागाने विचारला की उत्तर एक मिळते आणि कळवळ्याने विचारला की दुसरे.

ही गोष्ट डहाणूच्या डोंगरातच राहिली असेही नाही. कल्याण-भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले अर्थातच बरोबर असतात. १९९० च्या दशकात विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भट्टीवरच्या झोपडीतच, म्हणजे भोंग्यात, 'भोंगाशाळा' सुरू केल्या. कोसबाडच्या कुरणशाळेचीच ती धाकटी बहीण म्हणावी लागेल.

माया आणि तिचा भार

मुलांवर माया करणारा शिक्षक म्हटला की मराठी माणसाला साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे ते अमळनेरच्या शाळेत होते. वसतिगृहाचे काम पाहताना मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलांची शुश्रूषा करणे आणि मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढणे ही कामे त्यांनी आपण होऊन पत्करली होती. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तील चितळे मास्तरांवर तीन पिढ्यांनी प्रेम केले, त्याचेही कारण हेच. आपल्या आयुष्यातील कोणी ना कोणी मास्तर प्रत्येकाला त्यांच्यात दिसले.

आपल्या ख्रिस्ती परंपरेत हाच विचार संत जॉन बॉस्को यांनी मांडला. १८८४ च्या मे महिन्यात त्यांनी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र पाठविले. त्यात त्यांनी दोन चित्रे उभी केली आहेत. पूर्वीच्या दिवसांत पटांगणावर मुले व शिक्षक एकत्र खेळत, हसत; नंतरच्या दिवसांत मुले उदास, कोपऱ्याकोपऱ्यांत उभी, आणि शिक्षक दूर आपसांत बोलत असलेले. शिक्षकाचे मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते मुलांना जाणवलेही पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. शिक्षक वाईट झाले, असे डॉन बॉस्को म्हणत नाहीत. काम वाढले, मुले वाढली, आणि मधले अंतरही वाढले.

मायेचाही भार असतो, ही बाजू आपण विसरतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. मनात काहीही असले तरी मुद्रेवर ठराविक भाव ठेवणे हा कामाचाच भाग असतो आणि त्यानेही माणूस थकतो, असा तिचा मथितार्थ. विमानातील प्रवासी काही तासांनी उतरतात. वर्गातील मुले मात्र दहा महिने समोर असतात. कोणाचे वडील दारू पितात, कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या डब्यात आज काही नाही, हे वर्गशिक्षिकेला सर्वांच्या आधी कळते. त्यावर उपाय करण्याचा अधिकार तिच्या हाती नसतो. हे कळणे घेऊन ती घरी जाते आणि तेथे तिची स्वतःची मुले वाट पाहत असतात.

लोकलगाडीच्या गावातील शाळा

कल्याण आणि डोंबिवली ही गावे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने वाढली. गिरगाव-लालबागच्या चाळींतून, कोकणातून, घाटावरून, गोवा, मंगळूर व केरळातून माणसे येथे आली. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. शाळा वाढल्या, पण मुले त्याहून वेगाने वाढली. एका वर्गात साठ-सत्तर मुले, सकाळ-दुपारची दोन सत्रे, टाचणवही, घटक चाचण्या, सहामाही, आणि तपासावयाचे पेपर लोकलगाडीत मांडीवर घेऊन बसलेल्या बाई, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. साठ मुलांची नावे पाठ व्हावयास ऑगस्ट उजाडतो. ज्यांची नावे सर्वांत शेवटी पाठ होतात ती मुले बहुधा मुकाट बसणारी असतात, आणि त्यांचीच रुखरुख शिक्षकाला वर्ष संपल्यावर लागते.

१९७५ पासून शालान्त परीक्षा दहावीच्या अखेरीस होऊ लागली आणि मार्च महिन्याला एक वेगळेच तेज व वेगळीच दहशत प्राप्त झाली. गुणवत्ता यादीत आपल्या शाळेचे नाव झळकावे म्हणून काय काय होई, ते सर्वांना ठाऊक आहे. मंडळाने पुढे ती यादी बंद केली. तरी शाळेच्या फाटकावर टक्केवारीचे फलक लागतातच. १८६५ च्या सुमाराची जुनी भीती नवे कपडे घालून आली, इतकेच. तिच्यावर एक चांगला उतारा मात्र पडला आहे: १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी घातली. मुलाला संरक्षण मिळाले, हे फार मोठे काम झाले. भ्यालेल्या शिक्षकाची भीती कमी करण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.

या वर्षात संकटेही येतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरात शिरले, गाड्या बंद पडल्या, मुंबई-ठाण्यातील कितीतरी शाळांत मुले रात्रभर अडकली. त्या रात्री मुलांजवळ राहिलेल्या शिक्षिकांना आपली स्वतःची मुले कोठे आहेत हे ठाऊक नव्हते. त्यांच्या त्या रात्रीची नोंद कोणत्या शेरेबुकात आहे?

अनिश्चितता

मनाचा प्रश्न पोटाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. जोतीरावांनी बारा रुपये मागितले त्याला एकशे अठरा वर्षे झाली तेव्हा, २००० साली, महाराष्ट्रात 'शिक्षणसेवक' योजना आली. प्राथमिक शिक्षणसेवकास दरमहा तीन हजार रुपये मानधन आणि तीन वर्षे अशीच काढावयाची. मानधन पुढे वाढले आणि २०२३ पासून प्राथमिकसाठी ते सोळा हजार झाले. दुसरीकडे 'कायम विनाअनुदानित' शाळा निघाल्या. त्यातील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला, तरी अनुदानाच्या प्रतीक्षेत कित्येकांची उमेदीची वर्षे गेली.

आपल्या शहरांतील मराठी माध्यमाच्या शिक्षकांचे दुःख आणखी निराळे आहे. पालकांनी मुले इंग्रजी शाळेत घातली, आपल्या समाजानेही घातली. त्यामागची पालकांची काळजी आम्ही जाणतो. पण ज्या बाईंच्या वर्गात एके काळी साठ मुले दाटीवाटीने बसत, त्यांच्या वर्गात वीस उरतात, तुकडी बंद होते आणि बाई 'अतिरिक्त' ठरतात. 'अतिरिक्त' हा कार्यालयीन शब्द आहे. वीस-पंचवीस वर्षे शिकविलेल्या माणसाला तो कसा लागत असेल, याचा विचार शब्द घडविणाऱ्यांनी केला नसावा. आम्हांला धर्मग्रामात असे शिक्षक भेटले आहेत. नोकरी टिकली, दुसऱ्या शाळेत समायोजन झाले, पगार चालू राहिला; तरी ते जूनच्या पहिल्या आठवड्यात जुन्या शाळेवरून जाणारा रस्ता टाळतात.

काळे चौकोन

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. पन्नाशीतल्या शिक्षकांनी आपल्याच विद्यार्थ्यांकडून नवे तंत्र शिकून घेतले. पण पडद्यावर चेहरे दिसेनात. मुले कॅमेरा बंद ठेवीत आणि बाई काळ्या चौकोनांना शिकवीत. कोणाच्या घरी भ्रमणध्वनी एक आणि मुले तीन. आम्हांला एका शिक्षिकेने सांगितले की फळ्याकडे पाठ फिरवूनही वर्गात काय चालले आहे ते आपल्याला पूर्वी कळत असे; आता समोर पाहूनही कळत नाही. अनेक शिक्षकांना त्याच काळात सर्वेक्षणाची कामे करावी लागली. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सप्टेंबर २०२० मधली. २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि शाळांनी केलेल्या मूल्यमापनावरून निकाल लागला. जी मुले आपण वर्षभर पाहिलीच नाहीत त्यांना गुण द्यावयाचे, ही त्या शिक्षकांची मोठी घालमेल होती.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. कोणी आई गमावलेली, कोणी वडील गमावलेले, कोणी दोन वर्षांत वीतभर उंच झालेली मुले वर्गात आली. हजेरीपटावर पुन्हा नावे पुकारली गेली. नाव पुकारल्यावर 'हजर' असे उत्तर ऐकू येणे म्हणजे काय, हे शिक्षकांना तेव्हा नव्याने कळले असावे.

घरांनी काय करावे

इतिहासापासून काही बोध घ्यावयाचा नसेल तर तो केवळ गोष्टींचा संग्रह ठरेल. या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या ज्या वेळी समाजाने शिक्षकाला केवळ निकालाने मोजले, त्या त्या वेळी शिक्षक घाबरला आणि मागे पडणारे मूल एकटे पडले. ज्या वेळी शिक्षकाच्या दुःखाला, म्हणजे रिकाम्या बाकाविषयीच्या त्याच्या अस्वस्थतेला, वाट मिळाली त्या वेळी अंगणवाडी जन्माला आली, कुरणशाळा व भोंगाशाळा जन्माला आल्या. तेव्हा शिक्षकाच्या मनाची काळजी घेणे हे शिक्षकांवरचे उपकार नव्हेत. त्यात सर्वांत दुबळ्या मुलाचे हित आहे.

सरकारने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांना चार साध्या गोष्टी सुचवितो. पालकसभेत केवळ गुण विचारू नका. आपले मूल वर्गात कसे वागते, कोणाशी खेळते, हे विचारा आणि बाईंना बोलू द्या. घरात मुलांसमोर शिक्षकाची निंदा करू नका. तक्रार असेल तर ती शाळेत जाऊन सभ्यपणे मांडा. घरात कोणी शिक्षिका असेल तर पेपर तपासण्याच्या दिवसांत स्वयंपाकघराचा भार इतरांनी उचलावा. आणि निकालाच्या दिवशी पेढे वाटताना, आपले मूल पहिले आले असो वा नुसते उत्तीर्ण झाले असो, एक पेढा वर्गशिक्षकांना नेऊन द्या.

शिक्षकबंधू-भगिनींनाही एक विनंती आहे. मनावरचे ओझे स्टाफरूमच्या थट्टेत दडवू नका. सहकाऱ्याशी बोला, घरी बोला, आपल्या धर्मगुरूंशी बोला, आणि गरज भासली तर डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा मानू नका. रडू येणे हा अध्यापनातील दोष नाही.

एप्रिलअखेर निकाल लागतो, प्रगतिपुस्तके वाटली जातात, बाके एकावर एक रचली जातात. शिक्षक जनरल रजिस्टर मिटवून कपाटात ठेवतात आणि किल्ली शिपायाच्या हाती देतात. मे महिन्यात रस्त्यात कधी एखादे मूल भेटते, लाजून हसते, आईच्या पदराआड जाते. शिक्षक त्याचे नाव घेऊन हाक मारतात. जूनमध्ये ते मूल दुसऱ्या कोणाच्या तरी हजेरीपटावर असेल. तरीही त्याचे नाव त्यांच्या लक्षात राहिलेले असते, आणि पुढची पुष्कळ वर्षे राहते.